बेबाबाई दम टाकते

पहूरच्या बेबाबाईला "तू घोरस" असं कुणी म्हटलं, की त्याच्याशी दोन दिवस बोलणं बंद. "घोरस ती म्हैस. मी दम टाकस," ती ठणकावून सांगते. आता तिचा दम तीन घरं ओलांडून पलीकडे जातो, त्याला ती बिचारी काय करणार?

यंदा तिच्या भाचीला, मोनालीला, भुसावळचं स्थळ आलं. मुलगा तेजस नोकरीला, माणसं बरी. मोनालीला घेऊन मुलाचं घर पाहायला जाताना तिच्या बापानं, बेबाबाईचा भाऊ चिंधानं, एसटीतच हात जोडले. "अक्का, जेवन झायं की नको झोपजो. पोरनं लगन शे."

"मी काय धाकली शे का?" बेबाबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली.

तेजसची आई केसरबाई, तिनं वरण-बट्टी केली होती. पण वाढणं हळू, बोलणं कुजबुजत. कारण तेजसचे वडील बन्सीलाल आतल्या खोलीत पडलेले. दीपनगरच्या पॉवर हाऊसमध्ये तीस वर्षं मशीनजवळ काढून नुकतेच रिटायर झाले, आणि तेव्हापासून झोपच उडाली. डोळा लागलाच तर मोडू नये म्हणून घरात कुणी भांडंही वाजू देत नव्हतं.

बेबाबाईनं हिरवी मिरची चावली, डोळ्यांना पाणी लावलं, भिंतीला टेकायचं नाही असं ठरवून बसली. पण चार बट्ट्या आणि वरून तुपाची धार. पदर सावरता सावरता दम सुरू झाला. खालून ओढलेला, वर जाऊन फाटलेला. चिंधानं कोपर मारलं, मोनालीनं चिमटा काढला. ती आडवी झाली आणि आणखी रंगात आली.

केसरबाई ताडकन उठून आत गेली. चिंधाला वाटलं, गेलं स्थळ.

ती दारातच थांबली. आत बन्सीलाल तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते.

"मशीन चालू आहे असं वाटलं असेल त्यांना," तेजस हळूच म्हणाला.

दोन तास केसरबाईनं बेबाबाईला कुणाला हात लावू दिला नाही. बेबाबाईला जाग आली तेव्हा केसरबाई चहा घेऊन पुढ्यात बसलेली. "अक्का, मुलगी आम्हाला पसंत आहे. पण तुम्ही आठ दिवस इथंच राहा. यांना किती महिन्यांनी झोप लागली."

बेबाबाईनं भावाकडे पाहिलं. तो मान खाली घालून हसत होता. तिनं चहा बशीत ओतला, फुंकर मारली.

"आधी साखरपुडानी तारीख सांगा," ती म्हणाली. "मंग मनी खाट कोठे टाकतस ते बोलूत."