चुडामणनानांच्या बोटीचा पंखा

रावेरकडच्या आमच्या केळीच्या मुलखात घरोघरी ट्रॅक्टर आहे, पण मोटरबोट फक्त चुडामणनानांच्या शेडमध्ये होती. केळीचं पॅकिंग चालतं त्या पत्र्याच्या शेडमध्ये एका अंगाला ती ट्रॉलीवर उभी असे, ताडपत्री पांघरून. धरणाच्या फुगवट्याचं पाणी नानांच्या बांधाला लागतं, म्हणून त्यांच्या मुलानं, पियुषनं, ती आणली होती. तो ऑस्ट्रेलियात शिकायला गेला आणि तिथल्या एका तळ्यावर काम करता करता त्याला लाटेवर उभं राहायचा नाद लागला. बोटीच्या टाक्यांत पाणी भरून ती जड करायची, हळू चालवायची, आणि मागे जी लाट उठते तिच्यावर फळी टाकून, बोटीची दोरी धरून उठायचं आणि मग ती सोडून नुसत्या लाटेवर उभं राहायचं. परत आल्यावर त्यानं मुंबईहून जुनी बोट मिळवली. इथे लोक लांबून येतील म्हणाला.

एक हिवाळा बापलेक पाण्यात होते. नाना स्टेअरिंगवर, पियुष मागे लाटेवर. काचेच्या वर लावलेल्या रुंद आरशात नानांना तो दिसायचा. पडला की ते हळूच बोट वळवून त्याच्याकडे न्यायचे.

लोक काही आले नाहीत. पियुषला ऑस्ट्रेलियातच कायमची नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली, भूमिका. नानांची बायको त्याआधीच गेली होती. वरच्या मजल्याच्या खोल्यांना नानांनी कड्या घातल्या आणि खाटेसकट खाली आले. धुरपदाबाई सकाळी यायची, भाकरी-भाजी करून दुपारी निघून जायची. नंतर घरात टीव्ही बोलायचा तेवढाच. दर रविवारी पियुषचा फोन यायचा.

“जेवले का नाना?”

“जेवलो. तू?”

“झालं. तब्येत?”

“चांगली हाये.”

एवढ्यावर कुणीतरी “बरं मग” म्हणायचं.

अशाच एका रविवारी पियुष म्हणाला, “नाना, बोट पडून पडून खराब होईल. एकदा पाण्यात घालून बघा ना. टाक्या भरून चालवा.”

नानांनी शेजारच्या समाधानला हाक मारली. समाधान मासेमारी करणारा, पाण्याचा माणूस. ट्रॅक्टरनं बोट काठावर नेली, बॅटरी बदलली, दोन दिवस खटपट केली तेव्हा इंजिन सुरू झालं. रिकामी बोट बरी पळाली. टाक्या पूर्ण भरल्यावर मात्र ती नाक वर करून बसली. रेस कितीही द्या, वेगाचा काटा पुढे सरकेना. मागे लाट नाही, नुसता पांढरा फेस.

त्या दिवशी नानांनी आपणहून फोन लावला. पियुषनं सगळं ऐकून घेतलं आणि एकदम सावरून बसल्यासारखा बोलायला लागला. “पंखा चुकलाय नाना. खालचा पंखा बघा, त्याच्यावर दोन आकडे कोरले असतील. पहिला रुंदीचा. दुसऱ्याला पिच म्हणतात. पाणी घसरलं नाही तर एका फेऱ्यात पंखा बोटीला किती पुढे नेईल, तो हिशेब. आधीच्या मालकानं पळवायला मोठ्या पिचचा बसवलाय. तेव्हा आपण टाक्या अर्ध्याच भरायचो, म्हणून भागलं. आपण भरलेली ट्रॉली चौथ्या गेअरमध्ये उठवतो का?”

“बंद पडंन.”

“तेच होऊन राह्यलं तिथं.”

किती दिवसांनी पोराच्या तोंडी गावची बोली आली होती. नाना फोन ठेवल्यावरही बराच वेळ ओट्यावर बसून राहिले.

मुंबईच्या दुकानातून कमी पिचचा पंखा आला. नाना आणि समाधान बोटीखाली उताणे पडले, पुलर लावून जुना काढला, नवा बसवला. आता बोट झटक्यात उठली, पण इंजिन किंचाळायला लागलं. फेऱ्यांचा काटा लाल रेघेला जाऊन आपटला आणि वेग मात्र जागच्या जागी.

“पिचमध्ये फार खाली गेलो आपण,” पियुष म्हणाला. नानांना त्यातलं ‘आपण’ तेवढं ऐकू आलं.

नंतरचे रविवार लांबत गेले. तीन पात्यांचा घ्यावा की चार? चार पाती असली की कमी वेगात पाणी नीट धरतात, हादरा कमी बसतो. रुंदी वाढवली तर पात्याचं टोक बोटीच्या बुडाला फार जवळ येणार नाही ना? नाना बोटीखाली शिरून टेप लावायचे, फोटो पाठवायचे. पियुष कामावरून मधेच उत्तर द्यायचा. उत्तर समजलेलं असलं तरी नाना पुन्हा विचारायचे. पियुष पुन्हा सांगायचा, न चिडता.

शेवटी मधल्या पिचचा, जरा रुंद, चार पात्यांचा पंखा ठरला. तो पियुषनं तिकडून पाठवला. पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून नानांनी तो दोन्ही हातांत धरला. पितळेसारखा पिवळा, चांगला जड होता. समाधान म्हणाला, “नाना, हा तं देवघरात ठेवासारखा हाये.”

हिवाळ्याची सकाळ होती, पाणी तेलासारखं संथ. टाक्या काठोकाठ भरल्या. नानांनी हळूहळू रेस दिली. बोटीनं नाक थोडं उचललं, मग अंग सावरून सरळ झाली. इंजिन एकाच सुरात चालत राहिलं.

“नाना, लाट पाहा!” मागून समाधान ओरडला.

नानांनी आरशात पाहिलं. मांडीएवढी उंच, गुळगुळीत लाट बोटीच्या मागोमाग येत होती. कुठे फुटत नव्हती. नुसती येत होती. तिच्यावर कुणी नव्हतं. नाना पलीकडच्या काठापर्यंत गेले, वळले आणि पुन्हा तेवढंच लांब आले. समाधाननं व्हिडिओ काढून पाठवला.

रविवार नसतानाही पियुषचा फोन आला. “जमलं नाना! एकदम जमलं! आता ते लोक नाही म्हणणार नाहीत.”

“कोन लोकं?”

“गोव्याचे आहेत एक जण. बोट घेणार आहेत. नीट चालते ते दाखवा म्हणाले होते. मी बोललो नव्हतो का तुम्हाला?”

“नाही.”

“तुमच्या एकट्याच्या मागे ही कटकट कशाला, म्हणून म्हटलं...”

“हौ. बरं केलं.” नानांनी दुसऱ्या कानाला फोन धरला. “मंग तू आला की कशावर उभा राहशीन?”

“इकडे बोटी आहेत ना नाना,” पियुष हळू आवाजात म्हणाला. “आणि माझंही येणं आता... बघू.”

“हौ. पाहू.”

गोव्याची माणसं गाडी घेऊन आली. नानांनी त्यांना एक चक्कर मारून दाखवली. काढलेले दोन्ही पंखे पोत्यात बांधून दिले आणि कोणता कशासाठी ते समजावून सांगितलं. ती माणसं घाईत होती, हो हो म्हणत होती. ताडपत्रीच्या दोऱ्या नानांनी स्वतः आवळल्या. गाडी केळीच्या बागांमधून सावद्याच्या रस्त्याला लागेपर्यंत ते उभे होते. मग शेडमध्ये गेले. रिकाम्या जागेत मजुरांनी दुपारीच क्रेट रचायला सुरुवात केली होती.

रविवारी नानांनी सकाळपासून फोनची वाट पाहिली आणि शेवटी आपणच लावला.

“काय झालं नाना?” पियुषनं घाबरून विचारलं.

“काही नाही. काम काही नव्हतं. असाच केला.”

“बोला ना.”

नाना विचारायला एखादी गोष्ट मनात शोधत होते. तेवढ्यात पलीकडून रडणं ऐकू आलं.

“भूमिका काहून रडून राह्यली?”

“अंघोळ नको म्हणते. थांबा नाना, बघतो जरा.”

फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. मग पावलं, नळाचं पाणी, सुनेचं काहीतरी बोलणं, आणि रडता रडता मधेच नातीचं हसणं. पियुष तिला तिकडच्या भाषेत काही सांगत होता. नानांना ते कळत नव्हतं. फोनकडे कुणी परत आलं नाही.

“नाना, भाकर वाढू का? गार होऊन राह्यली,” धुरपदाबाईनं दारातून विचारलं.

नानांनी हातानं तिला थांब म्हटलं आणि फोन कानाला आणखी घट्ट लावला.