पागोळीची हद्द

आमच्या आणि शेजारच्या काकांच्या गणपतीच्या कारखान्यांमध्ये एक बोळ आहे, हातगाडी जेमतेम जाईल एवढा. सातबाऱ्यावर तो ना आमचा, ना त्यांचा. हमरापुरात आमच्या आळीत हिशेब सरळ: ज्याच्या छपराची पागोळी जिथवर पडते, तिथवर जागा त्याची.

म्हणून बाबांनी पत्रा हातभर पुढे काढला. काकांनी लगेच त्यांचा वाढवला. असं करत करत काकांचा पत्रा आमच्या पत्र्यावर चढला, तेव्हा बाबांनी चिडून आमच्या पत्र्याची कड वर दुमडली. सगळं पाणी त्या दुमडीतून थेट रस्त्यावर, गिऱ्हाइकाच्या डोक्यावर. बोळ मात्र भर पावसात ठणठणीत कोरडा. कुणाचीच पागोळी तिथे पडेना, म्हणजे ज्यासाठी एवढा आटापिटा केला तो बोळ आता नियमाने कुणाचाच नव्हता! तरी दोघांनी बोलणं टाकलं ते टाकलंच.

मला दोघांचाही संताप यायचा. बाबांचा हात कधीपासूनच थरथरतो. रंग फवाऱ्याने मारता येतो, डोळे नाही. आमच्या मूर्तींचे डोळे इतकी वर्षं काकाच आखायचे. यंदा चतुर्थी तोंडावर आली, गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले आणि आमचे सगळे गणपती बिनडोळ्यांचे.

"मी विचारते काकांना," म्हटलं.

"त्याच्या दारात नाय जायचा," बाबा म्हणाले. "मूर्ती बोळात नेऊन ठेव. तिथं कोरडं हाय."

मी ठेवल्या. जेवून परत आले तर काका बोळात पाटावर बसलेले, हातात ब्रश. अर्ध्या मूर्ती माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मधल्या मोठ्या मूर्तीला एकच डोळा होता.

"आणि बाकीच्यांचे?"

काकांनी वर बोट दाखवलं. "माझ्या पत्र्याखाली व्हतं तेवढं झालं गो. तुझ्या बापाच्या हद्दीत मी ब्रश घालायचा नाय."

बाबा मागे येऊन उभे होते. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं. मग ती एका डोळ्याची मूर्ती दोन्ही हातांनी कवळून काकांच्या पत्र्याखाली सरकवली. मग तिच्या बाजूची. मग पुढची. काका पाट मागे घेत गेले. शेवटी त्यांची पाठ त्यांच्याच भिंतीला टेकली.

"आरं, बस कर," पत्रा चढल्यापासून पहिल्यांदाच ते बाबांशी बोलले. "मला बसायला तरी जागा ठेव."