पहिला पगार आणि झिरो बॅलन्स

आमच्या घरात त्या खात्याला कुणी खातं म्हणत नसे, ‘झिरो बॅलन्स’ म्हणत. मुलगी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तिचं विद्यार्थी खातं उघडलं होतं. त्यात रुपया नसला तरी दंड नाही, एवढं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. शिक्षण चालू असेपर्यंतच, हेही फॉर्मवर होतं. पण घरात नाव पडलं ते अर्ध्याच अटीचं.

शिक्षण संपल्यावर तिला काशीमीऱ्याला एका गोदामाच्या ऑफिसात नोकरी लागली. पगारासाठी खाते क्रमांक मागितला तेव्हा तिने हाच दिला. जोडीला ती आयात-निर्यातीच्या कागदपत्रांचा संध्याकाळचा कोर्स करत होती. त्याचा साडेचार हजारांचा हप्ता दर पाच तारखेला याच खात्यातून आपोआप जायचा. तोवर ते पैसे मी भरत होतो. नोकरी लागली त्याच दिवशी ती म्हणाली, “पप्पा, आता तुम्ही नका टाकू. कोर्स माझा, हप्ता माझा.” हे वाक्य तिने बरेच दिवस राखून ठेवलं असावं.

महिनाअखेरीला पहिला पगार आला, बावीस हजार चारशे. तिने फोनवरचा मेसेज आईला दाखवला.

“बरं,” आई म्हणाली, “आणि पगार कुठाय?”

“हा काय. आला ना खात्यात.”

“मग देवासमोर काय ठेवू? मोबाईलला हळद-कुंकू लावू?”

आमच्याकडे पहिला पगार देवासमोर ठेवतात आणि गावी जाऊन देवीची ओटी भरेपर्यंत मोडत नाहीत. माझा पगार पाकिटातून मिळाला होता, तेव्हा काही अडलं नव्हतं. मुलीने थोडी कुरकुर केली, पण तिलाही ते हवंच होतं. तिने आधी हिशोब केला आणि मला ऐकवला. खात्यात जुने चार हजार नऊशे आहेत. पगार सगळा काढला तरी हप्ता जाऊन चारशे उरतात. मी मनात ताडून पाहिलं. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. सोसायटीच्या पाण्याच्या बिलात दोन रुपयांचा फरक शोधणारा मी, मलाही त्यात काही खटकलं नाही.

तिने एटीएममधून दोनदा करून सगळी रक्कम आणली. आईने नोटांची गड्डी देव्हाऱ्यात ठेवली आणि वरच्या पाचशेच्या नोटेला बोटभर हळद-कुंकू लावलं. गावी जायचं मे महिन्यात. तोवर गड्डी तिथेच राहणार होती.

पाच तारखेला शुक्रवार होता. संध्याकाळी मुलगी घरी आली ती बूट न काढताच दारात उभी राहिली. “हप्ता परत गेला,” ती म्हणाली. कोर्सवाल्यांचा फोन आला होता. शनिवारी संध्याकाळपर्यंत पैसे आले नाहीत तर परीक्षेचा फॉर्म पुढे जाणार नव्हता.

आम्ही तिच्या फोनवर खात्याचा उतारा काढला. गेल्या महिन्यापासून ते खातं विद्यार्थ्याचं राहिलं नव्हतं. आता सरासरी दहा हजार शिल्लक हवी होती. ती नव्हती म्हणून दोन तारखेला करासह पाचशे नव्वद कापले गेले. राहिले चार हजार तीनशे दहा. त्यातून साडेचार हजार जाईनात, म्हणून हप्ता परत गेला आणि परत गेल्याचे आणखी पाचशे नव्वद. आता खात्यात तीन हजार सातशे वीस होते. कमी पडत होते सातशे ऐंशी.

“मी टाकतो,” मी म्हणालो.

“नको.”

“अगं, सातशे ऐंशी रुपये आहेत.”

“म्हणूनच नको. पहिल्याच महिन्यात सातशे ऐंशीसाठी तुमच्याकडे?”

“मग माझ्याकडचे घे,” आई म्हणाली.

“आई, तेही पप्पांचेच.”

हे आईला लागलं असावं, पण तिने तसं दाखवलं नाही. देव्हाऱ्याकडे मात्र तिघांपैकी कुणीच पाहिलं नाही. जेवणानंतर मी फोनवर बँकेचं ॲप उघडलं. मुलीच्या खात्यात पैसे टाकायला अर्धं मिनिट पुरलं असतं. ते तिला लगेच कळलंही असतं. मी ॲप बंद केलं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं शाखेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी स्क्रीन पाहिली. “बेटा, ये अब स्टुडंट अकाउंट नहीं रहा. मेसेज भेजा था.”

“मॅडम,” मी सुरू केलं, “तुमच्या नियमाप्रमाणे...”

“पप्पा, मी बोलते.”

मी खुर्चीत बसलो. मुलीने हिंदीत नीट विचारलं, कशाचे किती कापले, परत काय मिळेल, पुढे कापले जाऊ नयेत म्हणून काय करायचं. बाई बोलायला बऱ्या होत्या. ऑफिसचं या बँकेशी पगार खात्याचं ठरलेलं नव्हतं, म्हणून ती सवलत नाही. शिल्लक ठेवायची अट नसलेलं साधं मूळ खातं करून मिळेल. पैसे काढण्यावर थोडी बंधनं, पण दंड नाही. अर्ज आज दिला तरी बदल पुढच्या महिन्यापासून. शिलकीचा दंड पहिल्यांदाच लागलाय, तो मॅनेजर परत करतील, आठ दिवस लागतील. हप्ता परत गेल्याचे मात्र गेलेच. मुलीने दोन्ही अर्ज तिथेच लिहिले.

घरी आल्यावर तिने सगळं आईला सांगितलं. या महिन्यात सरासरी दहा हजार राहिले नाहीत तर पुन्हा कापणार, हेही सांगितलं.

“म्हणजे पैसे देवासमोर ठेवल्याचं भाडं?” आईने विचारलं.

“तसंच समज.”

आई थोडा वेळ निरांजनाची वात सारखी करत बसली. मग तिने गड्डी उचलून मुलीच्या हातात दिली. “मोडायचा नाही म्हणजे उधळायचा नाही. तुझ्या शिक्षणाला लागला तर देवी काही विचारायची नाही. मी बोलते तिच्याशी. जा, पाच वाजायच्या आत भर.”

काउंटर तोवर बंद झाला होता. शाखेबाहेरच्या पैसे भरायच्या मशीनने सगळ्या नोटा घेतल्या आणि एक परत दिली. मुलीने ती उलटून पुन्हा घातली, मशीनने पुन्हा दिली. हळद-कुंकवाची नोट होती ती. मुलीने आईला फोन लावला.

“नाही ना घेत?” आईचा आवाज मलाही ऐकू आला. “मग ती देवीचीच. आण परत.”

मुलीने नोट घडी न घालता पर्समध्ये ठेवली. एकवीस हजार नऊशे जमा झाल्याचा मेसेज आला. तिने तिथेच उभं राहून कोर्सवाल्यांच्या साइटवर रक्कम टाकली. मागे रांगेतला माणूस वैतागून म्हणाला, “मॅडम, हो गया क्या?”

“दो मिनिट, भैया,” ती मान वर न करता म्हणाली. “फीज भर रही हूँ.”