गोमायच्या पलीकडचे दामूदादा

दामूदादा म्हात्रे गेल्याची बातमी मला फेरीबोटीत कळली. दिघीहून आगरदांड्याला परत येत होतो. मधल्या पाण्यात फोनला रेंज आली आणि गावच्या ग्रुपवरचे मेसेज एकामागून एक येऊन पडले. सकाळी अंगणात दात घासताना छातीत कळ आली, अलिबागला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय एकाहत्तर. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’च्या खाली कुणीतरी त्यांचा व्हिडिओ टाकला होता. नेसलेलं लुगडं, हातात मशेरीची डबी, आणि लाँचवाल्याशी भांडणारी म्हातारी. त्याच्या खाली जोडलेले हात आणि हसणारे चेहरे एकत्रच आले होते. लोकांना वाईट वाटत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. मी तो व्हिडिओ पुरता पाहिला नाही. त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी लिहिलेलं होतं.

रेवसजवळच्या आमच्या गावात मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि दामूदादा बंदरावर ट्रेलर चालवायचे. जत्रेत गावचं नाटक व्हायचं, ते लिहायचं काम माझ्याकडे असे. एका वर्षी म्हातारीचं काम करणारा गडी आयत्या वेळी तापाने फणफणला आणि दामूदादा हाताशी होते म्हणून आम्ही त्यांनाच लुगडं नेसवलं. काम दहा मिनिटांचं. गोमाय नावाची आगरी म्हातारी भाऊच्या धक्क्याला जायला लाँचीत चढते आणि सगळ्यांना फैलावर घेते, एवढंच. दामूदादा आले, पुढच्या रांगेतल्या सरपंचांकडे नुसतं रोखून पाहिलं आणि पदर खोचला. एक शब्द बोलायच्या आधी मंडपात हशा पिकला. त्यांचं ते पाहणं मी लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर मी गोमायची आठ नाटकं लिहिली. गोमाय मॉलमध्ये गेली, विमानात बसली, निवडणुकीला उभी राहिली. पहिली दोन मनापासून लिहिली, तिसऱ्यापासून मला सगळं पाठ झालं होतं. कुठे डबी काढायची, कुठे शिवी घालायची, कुठे नवऱ्याच्या फोटोपुढे गळा काढायचा... नुसती जागा बदलायची, बाकी नाटक तेच. उरणपासून मुरूडपर्यंत प्रयोग झाले. हळदीच्या मांडवात दहा मिनिटांची गोमाय हवी म्हणून लोक दामूदादांची तारीख मिळेपर्यंत हळद पुढे ढकलायचे. रस्त्यात मुलं त्यांना ‘गोमाय’ म्हणूनच हाक मारत, आणि ते त्याच आवाजात उत्तर देत. त्यांचा स्वतःचा आवाज खरं तर खालचा, जरासा घोगरा होता. तो ऐकलेली माणसं फार नसतील.

मग त्यांची बायको, आमची सुगंधावहिनी, दोन महिन्यांच्या आजारात गेली. तेराव्यानंतर चौथ्या दिवशी पेणच्या बाजूला प्रयोग होता. मी म्हटलं, रद्द करू. ते म्हणाले, “पत्रिकेत नाव छापलाय, मास्तर. जाऊ.” नाटकात नवऱ्याच्या फोटोपुढचा तो प्रवेश आला. “आते मी कोनाला शिव्या घालू रं, म्हाताऱ्या?” हे वाक्य म्हणताना त्यांचा आवाज फाटला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. मी विंगेत उभा होतो. आणि समोरून टाळ्या आल्या, शिट्ट्या आल्या, मग ‘वन्स मोअर’ आला. दामूदादांनी पदराने तोंड पुसलं आणि वन्स मोअर दिला. तोच प्रवेश, तेच वाक्य. या वेळी आवाज फाटला नाही, तरी टाळ्या तेवढ्याच पडल्या.

परत येताना गाडी वडखळला आली. ते म्हणाले, “मी खराखुरा रडलो, मास्तर. त्यांना फरक कल्ला न्हाय.” मग म्हणाले, “मना दुसरा काय तरी लिवून द्या. लुगडा नको.”

मी हो म्हटलं आणि चार महिन्यांनी ‘गोमाय ऑनलाइन’ लिहून दिलं. हे सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं. दुसरं काही मला सुचतच नव्हतं असं नाही. ते पडेल, ही भीती होती. त्यांनी संहिता चाळली, “बरा हाय,” म्हणाले आणि प्रयोग केले. शंभराच्या वर.

दुसरं नाटक अखेर मी लिहिलं, त्याला पुढची पाच वर्षं लागली. मिठागर बंद पडल्यावरही रोज सकाळी बांधावर जाऊन बसणारा म्हातारा. एकच पात्र, पाऊण तास, बोलणं कमी. दामूदादांनी ते सहा महिने बसवलं. पहिला प्रयोग गावच्याच जत्रेत ठेवला, ही आमची चूक. पडदा वर गेला तेव्हा लोक हसायला तयार होऊन बसले होते. दामूदादा खाली बसले, पायाचा चिखल खरवडू लागले. लोक हसले. मग थांबले. मग खुर्च्या वाजू लागल्या आणि मागून कुणीतरी ओरडलं, “लुगडा नेस गो, गोमाय!”

मंडप हसला. दामूदादांनी मान वर केली. क्षणभर मला वाटलं, ते सावरतील... त्यांनी खांद्यावरचा टॉवेल डोक्यावर घेतला, पदरासारखा खोचला आणि गोमायच्या आवाजात त्या माणसाचा सात पिढ्यांसकट उद्धार केला. मंडप डोक्यावर घेतला लोकांनी. नाटक तिथेच संपलं, पुढची वीस मिनिटं गोमाय झाली.

आत आल्यावर मी त्यांना नाही नाही ते बोललो. तुम्हाला टाळ्यांची चटक लागलीय, असंही म्हणालो. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मी गोमायला न्हाय म्हनलो आसतो तं तुमी लिवला नसता, न् तुमी लिवला नसता तं मी केला नसता. दोगांनी मिलून केलाय, मास्तर.” वर्षभर आम्ही जेवढ्यास तेवढं बोलत होतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने दिवेआगरला बोलावलं. वादळात आडवी झालेली नारळ-सुपारीची वाडी तिने नव्याने लावलीय आणि घरात पाहुणे ठेवते. तिच्या अंगणात, दुपारी चार वाजता, पुण्या-नाशकाकडची अकरा माणसं बसली होती. गोमाय कोण हे त्यांतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं. मी दामूदादांना बळेच नेलं होतं. त्यांनी मिठागरवाला म्हातारा केला, पुरता, शेवटपर्यंत. एकदोन ठिकाणी अडखळलेही. संपल्यावर कुणी टाळी वाजवली नाही. एक बाई एवढंच म्हणाल्या, “तुम्ही मिठागरात कामाला होता का?” दामूदादा म्हणाले, “माजा बाप व्हता.” तीस वर्षांच्या ओळखीत हे मला माहीत नव्हतं.

वाडीबाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड घट्ट धरला. “मास्तर, आज कोनी हासला न्हाय. एक बी मानूस हासला न्हाय!” एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर भरल्या मंडपातही पाहिला नव्हता. तसे आणखी तीन प्रयोग झाले. पुढचा ठरला होता.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. ते झोपायचे त्या खोलीत, खिडकीच्या फळीवर, चष्म्याखाली शाळकरी वही होती. त्यांची लेक वैशाली म्हणाली, “बाबा हल्ली यात काहीतरी लिवायचे. कुनाला दाखवत नव्हते.” दामूदादा सही सोडून काही लिहीत असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. दीड पान भरलं होतं, मोठ्या, वाकड्या अक्षरात. पहाटे ट्रेलर घेऊन निघालेला माणूस आणि दारात उभी असलेली त्याची बायको. दोघं डब्याबद्दल बोलतात, दुसरं काही नाही. तिसऱ्या ओळीत एक शिवी होती, बरी जमलेली, नक्की हशा घेतला असता अशी. ती त्यांनी खोडली होती.

“मास्तरकाका, तुमी पुरा कराल काय?” वैशालीने विचारलं.

माझ्या डोक्यात पुढची दोन पानं तयारही झाली होती. कुठे थांबायचं, कुठे लोक हसतील, सगळं. मी वही मिटली, होती तिथे ठेवली आणि नाही म्हणालो.