फिनिश लेखिका आणि आमचा दिवाळी अंक

माफ करा. मला फिनिश येत नाही. जे वाचलं ते भाषांतरातून, आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. फिनिशमधल्या सुरुवातीच्या लेखिकांबद्दल मी लिहिणं म्हणजे आगाऊपणाच. तरी इथल्या, नेदरलंड्समधल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिला. आईला फक्त मराठी वाचता येतं, तेही अक्षराला अक्षर लावून. माझं एक छापलेलं पान तिने वाचावं, एवढंच मनात होतं.

संपादक जवळच्या फेल्डहोवन गावात राहतात, मोठे इंजिनिअर. सायकल काढून त्यांच्या घरी गेलो. लेख त्यांनी मोबाईलवर अंगठ्याने सरकवत वाचला, म्हणजे सरकवला.

"फिनलंड? अरे, आपण नेदरलंड्समध्ये आहोत ना!" आपल्याच विनोदावर ते खूप हसले.

मी चाचरत सांगितलं, की एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलेल्या घरांत स्वीडिश बोलत. फिनिश ही गडीमाणसांची भाषा. काही बायकांनी ती मोठेपणी शिकून, हसणाऱ्यांना हसू देऊन, तिच्यात कथा आणि नाटकं लिहिली.

"चांगली भाषा येत असताना? कमाल आहे!"

तेवढ्यात त्यांच्या मुलाने डचमध्ये काहीतरी मागितलं. त्यांनी इंग्रजीत उत्तर दिलं आणि मला म्हणाले, "त्याला मराठी सगळं कळतं हं. बोलत नाही, एवढंच."

"कळतं कसलं!" स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या. "आजीचा फोन आला की वरच्या मजल्यावर पळतो."

"तू चहाचं बघ गं."

हे गृहस्थ दर पाडव्याला फेटा घालून मायमराठीवर भाषण करतात. फेटा पुण्याहून तयार बांधलेला येतो. भाषणही तसंच येत असावं.

निघताना मी आईचं सांगितलं. "छापू रे, नक्की," म्हणाले. मी मूर्खासारखा विश्वास ठेवला. आई दर फोनला विचारायची, "आलं का रे तुझं पुस्तक?"

दिवाळी होऊन गेली. मग एकदाचा त्यांचा मेसेज आला, मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मुलांना वाचता यावा म्हणून यंदा अख्खा अंक इंग्रजीत काढलाय. तुझा लेखही घेतलाय, कॉम्प्युटरकडून भाषांतर करून. आईंना नक्की वाचायला दे.