रिकामी की भरून

सोलापूर शहरात पूर्णपणे सरळ अशी एकही वस्तू नाही, असं माझ्या बायकोच्या मामांचं मत आहे. त्याला मत म्हटलं तर ते रागावतात, कारण त्यांच्याकडे पुरावा असतो. गवंडी वापरतात तसली बुडबुड्याची एक छोटी पट्टी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात, इतरांचं पेन असतं तिथं, कायम असते. आमच्या लग्नाच्या बोलणीला जी मंडळी मला बघायला आली, त्यांत मामा होते. बाकीच्यांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली. मामांनी काहीच विचारलं नाही. उठून आमच्या कपाटावर पट्टी ठेवली, बुडबुडा स्थिर होईपर्यंत श्वास रोखून धरला आणि घरी जाऊन अहवाल दिला, "पोरगा बरा हाय, कपाट तेवढं कललंय." लग्न ठरलं. त्या कपाटाच्या एका पायाखाली मामांनी सरकवलेली पुठ्ठ्याची घडी अजून तशीच आहे.

एकदा पेठेतल्या एका पुढाऱ्याचा सत्कार होता. त्यांनी नेमकं काय केलं म्हणून सत्कार, हे तिन्ही वक्त्यांच्या भाषणांतून शेवटपर्यंत कळलं नाही. कार्यक्रमाआधी मामा व्यासपीठावर चढले, टेबलावर पट्टी ठेवली आणि संयोजकाला म्हणाले, "अध्यक्षाकडं दोन सूत उतार हाय की." संयोजकाने त्यांना हात धरून खाली बसवलं. पुढे शाल झाली, हार झाला आणि टेबलावरचा मानाचा नारळ सावकाश निघून घरंगळत थेट अध्यक्षांच्या पायाशी जाऊन थांबला. लोकांनी शुभशकुन समजून टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी हात जोडून त्या स्वीकारल्या. मामांनी फक्त माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली.

मामांनी लग्न केलं नाही. धाकट्या भावाबरोबर त्यांनी शुक्रवार पेठेत तूरडाळीचं आणि उडदाचं दुकान पंचवीस वर्षं चालवलं. दुधनीच्या बाजारातून माल उचलायचा, तो आपल्या पांढऱ्या पिकअपमध्ये भरायचा, एकाने गाडी चालवायची आणि दुसऱ्याने शेजारी बसून चालवणाऱ्याच्या चुका काढायच्या, असा दोघांचा संसार होता. तीन वर्षांपूर्वी भाऊ मुलाकडे हैदराबादला गेला. "दिवाळीनंतर येतो, परत सुरू करू," असं सांगून गेला. त्यानंतरच्या प्रत्येक दिवाळीला त्याने तेच सांगितलं. दुकानाच्या जागेत आता मोबाइलची कव्हरं विकतात. गाडी मात्र मामांनी विकली नाही. ती त्यांच्या दारात उभी असते. रोज पुसलेली, हौद्यात ताडपत्री घडी करून ठेवलेली, दोर गुंडाळून ठेवलेला, जणू तासाभरात निघायचं आहे.

पण गाडीला माल लागतो, आणि माल नसला की मामांना चैन पडत नाही. त्यामुळे गल्लीत कुणी काही हलवताना दिसलं की ते पुढे होतात. "काय न्यायचंय का? गाडी हाय की आपली." एका मास्तरीणबाईंना इस्त्रीचं टेबल दोन गल्ल्या पलीकडे द्यायचं होतं. त्या ते डोक्यावर घेऊन चालत पाच मिनिटांत पोचल्या असत्या. मामांनी ते हौद्यात मधोमध निजवलं, वर ताडपत्री घातली, आठ गाठी मारल्या, प्रत्येक गाठ ओढून बघितली आणि सात रस्ता चौकाला वळसा घालून पाऊण तासाने नेऊन पोचवलं. "एवढ्या लांबून कशाला?" म्हटलं, तर म्हणाले, "मोठ्या रस्त्यानं माल हलत न्हाय."

एवढं करूनही एक दुःख उरलं होतं. गाडीचं नाक खाली गेलं होतं. रिकामी उभी राहिली की मागून उंच आणि पुढून वाकलेली दिसायची. मामा तिच्यासमोर उभे राहून म्हणायचे, "बघा की जावईबापू, शाळेत शिक्षा झाल्यासारखी उभी हाय." शेवटी गेल्या महिन्यात एका दुपारी ते मला घेऊन उस्तादाच्या गॅरेजवर गेले. उस्ताद गाडीखाली शिरला, बाहेर आला आणि त्याने मला समजेल अशा बेताने सांगितलं. मागे स्प्रिंगचे पाटे आहेत, ते वजनाच्या हिशेबाने कडक केलेले. वजन नसलं की मागची बाजू वर राहणारच. पुढे पाट्यांच्या जागी दोन्हीकडे एकेक लांब पोलादी कांब आहे, टॉर्शन बार. तिला पीळ देऊन ठेवलेला असतो आणि त्या पिळावर पुढची गाडी तोलून असते. वर्षानुवर्षांत ती थोडी बसते. टोकाचा बोल्ट आवळला की पीळ वाढतो, नाक उचलतं.

"मग आवळा की," मामा म्हणाले.

"आवळता ना मामू. पन पैले एक बात बोलो. गाडी खाली चलने की है क्या भर के?"

"म्हंजे?"

"भर के चलने की तो थोडाच उठाता. खाली चलने की तो पूरी बराबर करता. लेकिन फिर माल डाले तो मुंडी आसमान को, लाइटां झाडां पे. दोनों का हिसाब अलग है."

मामांना बाजारात कुठल्याही प्रश्नावर तोंडावर उत्तर देताना मी बघितलं आहे. इथे त्यांनी गाडीकडे बघितलं, उस्तादाकडे बघितलं. मग म्हणाले, "थांबा. विचारून सांगतो."

थोडं बाजूला, जुन्या टायरांच्या ढिगापाशी जाऊन त्यांनी हैदराबादला फोन लावला. धाकट्या भावाला ते तम्मा म्हणतात. मायेचं कानडीत आणि धंद्याचं मराठीत बोलायचं, अशी दोघांची जुनी रीत. आधी कानडीत जेवणाची चौकशी झाली, गुडघ्याची झाली, नातवाची झाली. मग मराठी सुरू झालं.

"तम्मा, गाडी पुढनं उचलून घेतोय... न्हाय, मोडली न्हाय, चांगली हाय... आता हितं मेकॅनिक विचारतोय, रिकामी चालणार का भरून. काय सांगू?"

पलीकडचं ऐकताना मामा पायाने एक नट इकडून तिकडे सरकवत होते.

"व्हय... व्हय... पोराचं बी बरोबर हाय की... न्हाय रे, मी कुटं काय म्हणतोय? नुसतं मापासाठी इचारलं."

शेवटचं वाक्य पुन्हा कानडीत होतं. मला ते कळलं नाही. फोन खिशात टाकून ते परत आले आणि उस्तादाला म्हणाले, "रिकामी."

उस्तादाने जॅक लावून पुढची चाकं अधांतरी केली, गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडलं आणि दोन्हीकडे मोजून सारखे फेरे दिले. गाडी खाली उतरवून पुढेमागे ढकलली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला, डावीकडे अर्धा फेरा आणखी दिला. मामांनी हौद्यात पट्टी ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध थांबला. इतका सरळ मी तो आयुष्यात बघितला नव्हता. मामांनी एकदा बघितलं आणि पट्टी उचलून घेतली. उस्ताद म्हणाला, "एकदम लेव्हल, मामू." मामा म्हणाले, "व्हय."

परतताना गाडी मामाच चालवत होते, मी शेजारी होतो. पीळ वाढवला की गाडी पुढून ताठ होते, हे उस्तादाने सांगितलं होतं, पण ते किती हे सोलापूरच्या रस्त्याने सांगितलं. प्रत्येक खड्डा माझ्या मणक्यात मोजता येत होता.

"लागतंय व्हय?" मामांनी विचारलं.

"छे," मी म्हणालो.

"लागणारच की," ते म्हणाले आणि गाडी आणखी हळू केली. मागून हॉर्न वाजत होते. मामांनी आजवर कुणाला पुढे जाऊ दिलेलं मी पाहिलं नव्हतं. आज ते हात बाहेर काढून सगळ्यांना वाट देत होते.

घराकडे वळायचं तिथं ते वळले नाहीत. सरळ गेले. मी थोड्या वेळाने बायकोला फोन करून सांगितलं, उशीर होईल.

"का? कुठं आहेस?"

"मामांच्या गाडीत."

"काय न्यायचंय?"

मी मामांकडे बघितलं. ते समोर बघत होते, पण ऐकत होते.

"काही नाही," मी म्हणालो, "तू जेवून घे."