घेतलं म्हण

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टर उडवली. आता तुम्ही माझी उडवा, चालेल... पण आधी ऐकून घ्या.

कुवेतला समुद्राकाठच्या एका पॉवर स्टेशनमध्ये मी कंट्रोल रूम ऑपरेटर आहे. आमचे वडील, अण्णा, परळीच्या थर्मल पॉवर स्टेशनमध्ये होते. तिथे शिफ्ट बदलताना जाणारा म्हणायचा, "युनिट तुझं." येणाऱ्याने "घेतलं" म्हटल्याशिवाय त्याला खुर्ची सोडता यायची नाही. घरी आम्ही दोघं भाऊ सायकल, दप्तर, अगदी आंघोळीची बादलीसुद्धा तशीच एकमेकांच्या ताब्यात द्यायचो.

दादाही याच लाइनचा. इंग्लंडमध्ये, आठवडी बाजाराच्या एका छोट्या गावाजवळ नदीकाठी ओळीने पॉवर स्टेशन्स होती, त्यातल्या एकात. ती एकेक करून बंद पडली. त्याच्या स्टेशनचे कूलिंग टॉवर पाडले, तेव्हा पलीकडच्या काठावरून त्याने मला व्हिडिओ कॉलवर ते दाखवलं. नंतर फुफ्फुसांनी दगा दिला. परळीत एकटी राहणाऱ्या आईचं सगळं तोच तिकडून बघायचा. म्हणायचा, "आता तू बघ." मी आपला, "बघू रे, हे दुरुस्तीचं शटडाउन होऊ दे."

मागच्या हिवाळ्यात, दुपारी अडीचला, फीड पंपाचा अलार्म वाजत असताना टेबलावरचा फोन वाजला.

"बाळ्या, युनिट तुझं."

दादाचाच आवाज. थकलेला.

"थांब जरा दादा, पंप ट्रिप झालाय," म्हणून मी फोन ठेवला.

पंप सुरू झाला आणि मग डोक्यात प्रकाश पडला... त्या फोनला बाहेरची लाइनच नाही. तो फक्त प्लांटमधल्या प्लांटमध्ये चालतो. शेजारच्या थॉमसला विचारलं. तो म्हणाला, "हां भाई, बजा था. तुमने अपनी भाषा में बात की."

वीसेक मिनिटांनी मोबाइलवर वहिनी. "भाऊजी, हे गेले... साडेअकराला." तिकडचे साडेअकरा म्हणजे आमचे अडीच. "कालपासून घशात नळी होती हो. एक शब्द बोलता आला नाही त्यांना."

टेलिफोनवाल्याने फोन उघडून पाहिला. काही सापडलं नाही.

आईचं आता मीच बघतो. औषधं, गॅस, लाइटबिल, सगळं. आणि रोज शिफ्ट संपली की तो फोन उचलून "घेतलं, दादा" म्हणतो. नुसता टोन येतो. आमच्यात जाणाऱ्याने "घेतलं" ऐकल्याशिवाय त्याची ड्यूटी सुटत नाही... मग माझा दादा अजून खुर्चीतच बसलाय का, एवढंच मला कुणीतरी सांगा.